वावर विकण्याआधी नोकरीची अट वाचा

अभियांत्रिकीचे निकाल लागले की गावोगाव पारावर एकच बोलणे सुरू होते. अमक्याचा पोरगा एम.एस.ला अमेरिकेत चाललाय. बापाची मान ताठ होते, आणि व्हायलाच पाहिजे. पण महिनाभरात तोच बाप सातबारा, आठ-अ आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात उभा असतो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. शेतजमीन तारण घ्यायला मात्र ती कां-कूं करते, कारण कर्ज थकले तर सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीला हात लावता येत नाही. मग राहते घर गहाण पडते, नाही तर रस्त्याकडेचा एकर विकायला निघतो.

पोराने जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर जावे. पण शिकून झाल्यावर तिथली नोकरी कोणाला मिळते, हे वावर विकण्याआधी पाहावे, नंतर नव्हे.

मंडळी, परदेशातल्या कितीतरी चांगल्या नोकऱ्यांच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ असते. उमेदवार त्या देशाचा नागरिक असावा. अमेरिकेत लष्करी विमान, क्षेपणास्त्र, उपग्रह, अग्निबाण अशा बऱ्याच कामांना शस्त्रास्त्र निर्यातीचे नियम लागू आहेत. 'इटार' म्हणतात ते हेच. या कामाची नियंत्रित तांत्रिक माहिती परक्या माणसाला दाखवणे म्हणजे ती देशाबाहेर पाठवणेच, असे हा नियम मानतो. तिथले नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आश्रय मिळालेले निर्वासित एवढ्यांनाच मोकळीक. इतरांसाठी कंपनीला सरकारचा परवाना काढावा लागतो. ते झंझट कोण करणार? 'नासा'च्या सरकारी नोकरीला आणि संरक्षण खात्याच्या गुप्त कामाला तर नागरिकत्वच लागते. पोराचे गुण कितीही असोत, अर्ज चाळणीतच गळतो.

ग्रीन कार्ड मिळाले की झाले, असे एजंट सांगतो. पण नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्के. भारतातून अर्ज एवढे, की रांगेत उमेदीची वर्षे जातात. शिक्षणानंतर १२ महिने आणि अभियांत्रिकीला आणखी २४ महिने काम करता येते. पुढे एच-१बी परवाना लागतो. ते वर्षाला ८५ हजार, आणि मागणारे त्याहून किती तरी जास्त. त्यातच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये देशाबाहेरून माणूस आणण्याच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली. दुसऱ्याचे धोरण एका रात्रीत फिरते आणि हप्ता मात्र आपल्या दारात उभा राहतो.

याचा राग धरण्यात अर्थ नाही. आपली इस्रो, आपली डीआरडीओ तरी परक्याला घेते का? तिथेही भारताचा नागरिकच लागतो. ज्या पोराला अग्निबाणाचा नाद आहे, त्याचे भारतीय नागरिकत्व हीच इथली मोठी शिदोरी आहे. त्याने कर्ज काढून अमेरिकेत एरोस्पेस शिकावे आणि नोकरीच्या वेळी दार बंद दिसावे, यापेक्षा गेटची परीक्षा, आयआयटी आणि मग इस्रो ही वाट अवघड असली तरी आपली आहे.

परदेशीच जायचे तर शाखा पाहून जावे. इमारत, पाणी, वीज, यंत्रे, संगणक या कामांत नागरिकत्वाची अट कमी आडवी येते. जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, मात्र एका वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. ब्लू कार्डावर काम करणाऱ्याला जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मागता येतो. म्हणजे तिथे कुलूप भाषेचे आहे, आणि त्याची किल्ली इथे बसूनही घडवता येते.

आता कॉलेजचे. २०१८ मध्ये कुवेतने परदेशी अभियंत्यांच्या पदव्या तपासायला घेतल्या, तेव्हा 'एनबीए' मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेले आपले कितीतरी अभियंते अडकले. वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचाही परवाना लटकला. तेव्हा प्रवेश घेताना इमारत आणि बस पाहू नका. आपल्या शाखेला एनबीए मान्यता आहे का, तेवढे विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जमिनीचे. "पोरगा डॉलर कमावेल आणि वावर परत घेईल" असे म्हणून बाप सही करतो. बाबांनो, परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे परदेशी स्थायिक झालेल्याला, तो भारतीय नागरिक असला तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येते, खरेदीने नाही. उद्या त्याने तिथले नागरिकत्व घेतले तर इथले आपोआप संपते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळते, पण त्यावरही शेत घेता येत नाही. पैसे पाठवून बापाच्या नावावर घेता येईल, खरे आहे. पण रस्त्याकडेचा तोच एकर तोवर कोण ठेवणार, आणि कोणत्या भावाने देणार?

म्हणून व्यवहार असा करावा. आधी त्या शाखेच्या दहा-वीस नोकऱ्यांच्या जाहिराती पोराकडून वाचून घ्याव्यात आणि नागरिकत्वाची अट किती ठिकाणी आहे ते मोजावे. नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटवर पाहावे. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. लाखांची भाषा करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना, सरकारने पदांची नावे बदलली तरी गाव याच नावाने ओळखते, एक विनंती. जन्मनोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा ठेवू नका. शाळेचा दाखला, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत नावाचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर वीस वर्षांनी पोराची फाइल परक्या देशाच्या कचेरीत अडते. आणि ग्रामसभेत एखादा तास या विषयाला द्या. कर्जाचा कागद सहीला येण्याआधी चार जाणत्यांनी तो वाचला, तर गावातला एखादा एकर तरी वाचेल.