जाहिरातीच्या पानांतले घर

राज्यांच्या उलथापालथी, तहनामे आणि महसुलाचे हिशेब यांची कागदपत्रे आपण ज्या निगुतीने जतन केली, त्या निगुतीने त्याच काळातील स्वयंपाकघराची, माजघराची आणि न्हाणीघराची कागदपत्रे जतन केली नाहीत, ही गोष्ट इतिहासप्रिय म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला मुळीच भूषणावह नाही. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या चौसष्ट वर्षांत, आपल्या घरांत जितके पालट झाले तितके त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांत झाले नसतील. त्या पालटांचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे त्या काळच्या वर्तमानपत्रांतील आणि मासिकांतील जाहिराती, आणि नेमका तोच आपण रद्दीत घातला.

विलायतेत १८५३ मध्ये जाहिरातींवरील कर उठला, पुढे कागदावरचाही उठला, आणि वर्तमानपत्रांचे स्तंभ घरगुती जिनसांच्या जाहिरातींनी भरून गेले. तोवर साबण म्हणजे वाण्याने लांबलचक वडीतून कापून, तोलून दिलेला एक निनावी तुकडा असे. लिव्हर बंधूंनी १८८४ साली त्या तुकड्याला 'सनलाइट' हे नाव दिले, त्यावर छापील वेष्टन चढवले, आणि गिऱ्हाइकाचा जो विश्वास दुकानदाराच्या शब्दावर असे तो वेष्टनावरील नावाकडे वळवला. चारच वर्षांत, १८८८ मध्ये, त्याच वड्यांच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पिअर्स साबणाच्या चालकांनी तर मिले या नामांकित चित्रकाराचे, फुगे उडवणाऱ्या बालकाचे चित्र विकत घेऊन त्याची जाहिरात केली. या साऱ्या व्यापाराचा रोख घरातील स्त्रीवर होता: कुटुंबाचे आरोग्य, मुलांचे रूप आणि नवऱ्याच्या सदऱ्याची शुभ्रता या सर्वांची जबाबदारी तिच्या एकटीच्या माथी आहे, आणि ती पार पाडण्यात तिची काही कसूर होत असावी, असा संशय तिच्या मनात पेरूनच तो माल खपवला जात असे. आजच्या जाहिरातींतही ही रीत जशीच्या तशी चालू आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते.

आपल्याकडे कपड्यांना रिठे, केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ आणि भांड्यांना चुलीतली राख असा क्रम पूर्वापार चालत आलेला. त्यात साबण आला तो हळूहळू, बराच काळ विटाळाच्या शंकेसह. रॉकेलचे तसे झाले नाही. अमेरिकेहून आणि पुढे रशियाहून येणाऱ्या या तेलाने करंजेलाची आणि खोबरेलाची जागा पाहता पाहता घेतली, आणि तिन्हीसांजेला कंदिलाची काच उतरवून, तिच्यात फडके घालून, काळी काजळी निघेपर्यंत पण काचेला तडा जाऊ न देता ती पुसण्याचे एक नवे नाजूक काम बहुधा घरातल्या लेकीसुनांच्या वाट्याला आले. तेल संपले तरी त्याचा पत्र्याचा चौकोनी डबा काही वाया गेला नाही. वर लाकडी दांडा ठोकला की तो पाण्याचा, झाकण बसवले की धान्याचा, आणि कापून उघडला की पडवीच्या छपराचा झाला. मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणांवर चिकटवलेली देवादिकांची रंगीत चित्रेसुद्धा अशीच काढून कित्येक घरांत भिंतीवर लावली जात. व्यापाऱ्याने विकायला काढलेली वस्तू आपल्या बायकांनी कोणत्या चातुर्याने आपल्या संसारात मुरवून घेतली, याचा तपशील कोणत्याही सरकारी कैफियतीत मिळायचा नाही.

आज ज्याला नवी मुंबई म्हणतात त्या मुलखालाही हा इतिहास आहे. पनवेलला नगरपालिका १८५२ मध्येच स्थापन झाली होती. त्याच गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 'धूतपापेश्वर' हा औषधी कारखाना काढला. सहाणेवर उगाळून, खलात घोटून घरच्या घरी होणारी औषधे तयार स्वरूपात विकत मिळू लागली, हा फरक लहान नव्हे. आजीच्या बटव्यातील अधिकाराचा काही अंश त्या दिवसापासून बाजाराकडे गेला, आणि तो विलायती नव्हे तर देशी बाजाराकडे गेला, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तथापि जाहिरात हा एकांगी साक्षीदार आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 'करमणूक' किंवा 'मनोरंजन' यांसारखी नियतकालिके ज्या घरांत वाचली जात त्या पांढरपेशा घरांपुरतीच तिची दृष्टी पोचे. उरण-पनवेलच्या मिठागरांत डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणारी आगरी स्त्री जाहिरातीच्या खिजगणतीतही नव्हती. त्या मिठावरची जकात सरकारी वहीत पैपैने नोंदली गेली. ते वाहणारीची चूल, तिचा पाटा-वरवंटा, तिच्या तांदळाच्या भाकरीची परात यांची नोंद कोणी केली नाही. तिचा इतिहास तिच्या भांड्यांत आहे, आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, पुढे विमानतळासाठी आणखी गावे उठली, तेव्हा ती भांडी मोडीच्या भावाने गेली. जमिनीच्या मोबदल्याची चर्चा अर्धशतक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. घरातल्या वस्तूंची मात्र साधी फेरिस्तही झाली नाही, याचे मला मनस्वी दुःख होते.

ग्रंथालयांत मासिकांची बांधणी होताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने फाडून फक्त 'वाङ्मय' तेवढे शिवून ठेवण्याची प्रथा पडली, तिनेही अपरिमित नुकसान केले. जॉन जॉन्सन नावाच्या ऑक्सफर्डच्या एका मुद्रकाने अशीच टाकाऊ समजली जाणारी वेष्टने, पत्रके आणि जाहिराती आयुष्यभर गोळा केल्या, आणि तो संग्रह आज तेथील बोडलियन ग्रंथालयाचे वैभव मानला जातो. आपल्याकडे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. दोन्ही व्हिक्टोरियाच्याच काळातली. त्यांच्या कपाटांत न फाडलेले जे अंक अद्याप शिल्लक असतील, त्यांतील जाहिरातींची स्वतंत्र सूची प्रथम व्हावी आणि त्यांची छायाचित्रे वाचकांना खुली व्हावीत. दुसरी तजवीज नवी मुंबई आणि पनवेल या दोन महानगरपालिकांनी करावयाची आहे: पुनर्विकासासाठी जुने घर पाडण्याचा परवाना देण्यापूर्वी मालकाच्या संमतीने त्या घरातील जुनी भांडी, डबे, दिनदर्शिका, कंदील आणि चित्रे यांची नोंद व छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातील वृद्ध स्त्री हयात असेल तर त्या प्रत्येक जिनसाचा उपयोग तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. या कामाला लागणारा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून अधिक नाही, आणि ज्या बायकांना हे सारे तोंडपाठ आहे त्या आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.