माहेरच्या साडीवर रक्ताचे डाग

‘माहेरची साडी’ 1991 साली आला आणि बायाबायांनी रुमाल भिजवले. सासू छळते, बाप पोरीला पांढऱ्या पायाची समजतो, आणि तरी तिचा जीव अडकलाय माहेरच्या साडीत. आम्ही सासूला शिव्याशाप देत घरी आलो. बापाला कुणीच काही म्हटलं नाही! पोरीला जन्मापासून झिडकारणारा तो माणूस शेवटी रडला, की आपण लगेच माफ करून मोकळ्या.

मैत्रिणींनो, इथंच माझं भांडण आहे. सासरच्या जाचावर आपण मोर्चे काढले, 1983 साली 498अ कलम मिळवलं. माहेर मात्र देव्हाऱ्यात ठेवलं. बहिणाबाईंच्या आणि आखाजीच्या खान्देशात माहेराविरुद्ध बोलणं म्हणजे जणू पापच.

आता ‘सैराट’ आठवा (2016). आर्चीच्या दारात भाऊ येतो तो आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन. ती हरखते, चहा टाकते. म्हणजे पुन्हा माहेरची भेटच! पण या वेळी तिच्या मागून कोयता येतो. टॉकीजमध्ये झिंगाटवर नाचणारी पोरं शेवटी गप्प झाली, हे खरं. पण बाहेर चर्चा कसली, तर सिनेमानं पोरी बिघडतील याची. पोरगे खुनी का होतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

चोपड्याला तो पडायला हवा होता. ऑगस्ट 2022 मध्ये इथं प्रेमापायी एक मुलगा आणि एक मुलगी मारली गेली. मग 26 एप्रिल 2025. हळदीचा कार्यक्रम, आणि बापानं मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीवर गोळ्या झाडल्या. ती गेली, जावई जखमी झाला. आखाजी चार दिवसांवर होती.

“बापाचं काळीज आहे, राग येणारच,” असं म्हणणाऱ्यांत बायाही असतात. त्या ‘माहेरची साडी’ला रडलेल्याच बाया, असं मी म्हणते. राग आला तर सोडा कोपरापासून हात जोडून, बंदूक कशाला?

‘उंबरठा’मधली सुलभा (1982) घर सोडून एकटीच निघते. स्मिता पाटील शिरपूरच्या पाटलांची लेक म्हणून आपल्याला अभिमान आहे, पण तिची सुलभा आपल्याला जड जाते. ‘मिर्च मसाला’ (1987) मला त्याहून जवळचा. सोनबाईच्या मागे सुभेदार लागतो, नवरा नोकरीसाठी परगावी, गाव तिला देऊन टाकायला तयार. कारखान्यातल्या बायाही आधी तिलाच जा म्हणतात. शेवटी मिरचीची पूड उधळतात त्याच बाया! ना सासर, ना माहेर. सोबत काम करणाऱ्या. नंदुरबारच्या मिरचीत हात भाजणाऱ्या बायांना हा सिनेमा कुणी दाखवला का?

‘बाईपण भारी देवा’ला (2023) बाया घोळक्यानं गेल्या, हसल्या, छान झालं. तसंच घोळक्यानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे जाऊ या. आंतरजातीय, मनपसंत लग्न करणाऱ्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तास हेल्पलाइन हवी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली दिलाय. आपल्या कक्षाचा नंबर कॉलेजच्या फळ्यावर आणि एसटी स्टँडवर का नाही, हे विचारू. आणि आखाजीला लेक माहेरी येईल तेव्हा तो तिच्या हातात ठेवू.