तारा ‘आपला’, मोजमाप कोणाचे?

मुस्लिम शास्त्रज्ञांवरची भाषणे आपल्याकडे एका ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबतात. आकाशातल्या ताऱ्यांची नावे अरबी आहेत! खरे आहे. रोहिणीला जग अल्डेबरन म्हणते, ते मूळचे अल-दबरान, म्हणजे मागून येणारा. ययाती तारकासमूहातला अल्गोल म्हणजे रास अल-गूल, गूलचे डोके. काही वक्ते आणखी पुढे जातात. या ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त होतो हे अरबांना ठाऊक होते, म्हणूनच त्याला भुताचे नाव दिले, असे ते सांगतात. याला लेखी पुरावा नाही. टॉलेमीच्या ग्रीक ग्रंथात हा तारा गॉर्गन राक्षसिणीच्या डोक्यात होता, अरबीत येताना त्याचे गूल झाले. नाव भाषांतरातून आले आहे.

अब्दुर्रहमान अल-सूफीचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. इ.स. ९६४ च्या सुमारास इराणात लिहिलेल्या ग्रंथात त्याने ताऱ्यांची स्थाने टॉलेमीवरून घेतली. पण ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा दर्जा, त्याने स्वतः पाहून लिहिला आणि टॉलेमीशी जुळले नाही तिथे आपले ते लिहिले. हजार वर्षांनंतरही संशोधक त्या नोंदी वापरतात. आपण मात्र त्याचे नाव तेवढे घेतले, वही तिथेच ठेवली.

तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात, उर्दूत मुतगय्यर. अल्गोलचे गणित १७८३ साली मांडले ते इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक या १८ वर्षांच्या कर्णबधिर मुलाने. तो नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत होता. एक मंद जोडीदार दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तेजस्वी ताऱ्यासमोर येतो, तेव्हा अल्गोलची प्रत २.१ वरून ३.४ वर उतरते. प्रकाश जवळपास एक तृतीयांश उरतो, आणि उतरून पुन्हा चढायला साधारण दहा तास लागतात.

हे आज मोजायला लागणारा कॅमेरा लग्नाच्या कुठल्याही फोटोग्राफरकडे असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपायला येणाऱ्यांच्या गळ्यातही तोच असतो. तो ट्रायपॉडवर ठेवून साध्या लेन्सने पाच-सहा सेकंदांचे दहा फोटो घ्यायचे. फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका पसरतो आणि मधले बिंदू प्रकाशाने भरून जात नाहीत. फोटो रॉ स्वरूपात ठेवायचे, कारण जेपीईजी करताना कॅमेरा उजेडाचे आकडे स्वतःच बदलतो. मग मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यातला एकूण प्रकाश मोजायचा, भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करायचा आणि त्याच फोटोतल्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडून पाहायचे. सहा इंची दुर्बीण असेल तर डोळ्यांना न दिसणारे तारेही आवाक्यात येतात. स्वरमंडलातला आरआर लायरी साडेतेरा तासांत आपला फेरा पुरा करतो.

एमआयडीसीच्या दिव्यांत हे कसले जमणार, असे बारामतीत हमखास ऐकू येते. इथून आकाशगंगा दिसत नाही, मान्य. पण दिव्यांचा उजेड दोन्ही ताऱ्यांच्या मागे असतो आणि दोन्हींतून वजा होतो. तेजस्वी ताऱ्यासाठी एवढे पुरते. ढग मात्र नकोत, पातळ ढग एका ताऱ्यावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

मला स्वतःला यातली सर्वांत मोलाची गोष्ट गच्ची वाटते. आकाशदर्शनाची शिबिरे गावाबाहेर, रात्रभर असतात. आमच्या वर्गातल्या मुलींना घरून तिथे जाऊ देत नाहीत, आणि त्यावर पालकांशी वाद घालून मी थकलो आहे. अल्गोल हिवाळ्यात संध्याकाळीच उत्तरेला वर आलेला असतो. अम्मी शेजारी बसलेली असतानाही तो मोजता येतो. उर्दू माध्यमाच्या मुलीला ‘गूल’ आणि ‘रास’ समजावून सांगावे लागत नाही, तेवढीच तिची आघाडी. शाळांना दुर्बिणीसाठी देणगी मिळते, उद्घाटनाचा फोटो छापून येतो, एकदा चंद्र दाखवला जातो आणि दुर्बीण कपाटात जाते. त्यापेक्षा एक कॅमेरा आणि एक वही बरी.

आकड्यांना विचारणारेही आहेत. अमेरिकेत १९११ साली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना झाली. ती जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी घेते आणि खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात. बंगालमधल्या जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी ट्रेझरीतली साधी नोकरी सांभाळून तिला ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्यांचे काम पाहून तिकडून त्यांना दुर्बीणही आली. मराठवाडा ज्या निजाम राज्यात होता, तिथे हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःची दुर्बीण आणून वेधशाळा उभी केली. पुढे तिथे टी. पी. भास्करन यांनी रूपविकारी ताऱ्यांचीच निरीक्षणे केली. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, शिकायचे असेल तर फार लांब जावे लागत नाही.

अल्गोलच्या वेळांचा हिशेब सोपा आहे. एखाद्या रात्री तो ११ वाजता सर्वांत मंद असेल, तर तीन दिवसांनी ७ वाजून ४९ मिनिटांनी असेल. पहिल्या रात्री ८ पासून दर अर्ध्या तासाला फोटो घेतले तर उतरती बाजू मिळते, दुसऱ्या संध्याकाळी चढती. दोन्ही एका आलेखावर मांडायच्या.