‘फक्त क्लीनअप आहे हो!’

नवीन फीचर आलं की आपण डोळ्यांत तेल घालून कोड वाचतो. पण पॅचवर ‘फक्त क्लीनअप, वागणुकीत काही बदल नाही’ असं लिहिलेलं असलं की? दोन मिनिटं स्क्रोल करायचं आणि ‘ठीक वाटतंय’ म्हणून मोकळं व्हायचं. मंडळी, माझं मत नेमकं उलटं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये तर क्लीनअपच जास्त कडक तपासायला हवा.

फीचर बिघडलं तर वापरणारा लगेच बोंब मारतो. क्लीनअपमध्ये उडालेली ओळ मात्र कुणाच्या ध्यानातही नसते. डेबियनचंच बघा (तो कोड कर्नलमधला नव्हता, पण धडा तोच). 2006 मध्ये त्यांच्या ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड हे टूल तिथे तक्रार करत होतं. त्यातली एक ओळ यादृच्छिकपणा मिसळायचं काम करत होती! हे उघड झालं मे 2008 मध्ये. तोवर एका प्रकारच्या मशीनवर, एका लांबीच्या जेमतेम 32,768 वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. म्हणजे सगळ्या आधीच बनवून ठेवता येतील इतक्याच.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबू तोडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बेट कितीही गचपण दिसलं तरी यंदाचा कोवळा बांबू तोडायचा नाही, आणि जुनेही सगळे काढायचे नाहीत, कारण नव्यांना त्यांचाच आधार असतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचीही शंका उरली तर घाई नाही, पुन्हा चर्चा.

क्लीनअपला हाच नियम लावावा असं मला वाटतं. सुरक्षेची दुरुस्ती तातडीची असते. सफाई कधीच नसते. मग एका रिव्ह्यूअरची शंकासुद्धा पॅच थांबवायला पुरेशी का नसावी? ही ओळ कुणी, कशासाठी घातली होती हे ‘गिट ब्लेम’ लावून बघा. लिनक्स कर्नलचे नियमच सांगतात की कोड एका फाईलमधून दुसरीकडे हलवताना त्याच पॅचमध्ये तो बदलू नका. का? तर हलवाहलवीच्या शेकडो ओळींत एक खरा बदल सहज लपतो.

याचा अर्थ काहीच काढू नये असा नाही. 2012 मध्ये लिनक्सने 386 प्रोसेसरचा सपोर्ट काढलाच की! पण काय काढतोय, का काढतोय आणि कुणाची मशीन बंद पडणार, हे उघड सांगून.

तेव्हा पुढच्या वेळी पॅच पाठवणारा ‘काही बदल नाही’ म्हणाला, तर ते सिद्ध करायची जबाबदारी त्याची. तुम्ही ‘का?’ विचारायला लाजू नका.