ऑस्करची मते उघड करा

ऑस्करचे निकाल आधी सांगणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अमेरिकी दिग्दर्शकांच्या संघटनेने ज्याला गौरवले, त्यालाच मोजके अपवाद वगळता ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सदस्यही सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून निवडतात. भाकीत जमते ते चित्रपट पाहून नव्हे, मतदारांची नाडी ओळखून. हेच खटकते.

अंतिम फेरीत बहुतेक विभागांत नामांकित चित्रपट न पाहताही मत देता येत असे. सगळे पाहिल्याशिवाय त्या विभागात मत नाही, हा नियम यायला २०२५ उजाडले. तरी चित्रपटगृहात वा महोत्सवात पाहिल्याचे सदस्यानेच लिहून द्यायचे.

खरा प्रश्न पैशाचा आहे. मतदारांपर्यंत पोहोचायला जाहिराती, खास खेळ, प्रचारतज्ज्ञ लागतात. बड्या स्टुडिओंना ते परवडते. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकांकडून निधी गोळा करावा लागला. लोकांनी तो मनापासून दिला. नामांकन मिळाले नाही. दृष्टी जाण्यापूर्वी नातवाला जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांची ती गोष्ट. तिला कलेच्या कसोटीआधी पैशाची चाळण पार करावी लागली, हा अन्यायच.

अकादमीने प्रचारखर्चावर कमाल मर्यादा घालावी आणि निकालानंतर का होईना, मतांचे आकडे जाहीर करावेत. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाची मते एकेक चित्रपट बाद करत मोजली जातात. पहिल्या पसंतीत पुढे असलेला चित्रपट अखेरीस हरू शकतो. तसे कोणत्या वर्षी घडले, हे प्रेक्षकांना कळलेच पाहिजे.