वडिलांची वाट, वडिलांच्या वेगाने

दुसऱ्या महायुद्धात आपले वडील ज्या वाटेने लढत गेले, त्या वाटेने मोटार घेऊन जावे, ही हौस पाश्चात्त्यांची, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. इटलीच्या मोहिमेत मराठा पलटणी होत्या. त्या शिपायांची मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आता नाही तर केव्हा जाणार?

मात्र जाण्याची एक रीत आहे. इटलीच्या टाचेपाशी तारांतो हे बंदर आहे. तेथून एड्रियाटिक किनाऱ्याने ए-१४ हा मोटारमार्ग बोलोन्याला जातो, ७४३ किलोमीटर. सकाळी निघालेली मोटार संध्याकाळी सेनिओ नदी ओलांडते आणि आत बसलेल्याला ते कळतही नाही! आठवी भारतीय डिव्हिजन १९४३च्या सप्टेंबरात तारांतोला उतरली. सेनिओ ओलांडायला तिला १९४५चा एप्रिल उजाडला. मधे त्रिग्नो, सांग्रो, मोरो. मग डोंगरापलीकडे कासिनोजवळची गारी. शिपायाच्या लेखी इटली म्हणजे एकामागून एक आडवी येणारी नदी, पलीकडच्या काठावर शत्रू आणि हिवाळ्यातला चिखल. उंच पुलांवरून सुसाट जाणाऱ्याला यातले काय दिसणार? म्हणून म्हणतो, जुना रस्ता धरावा आणि प्रत्येक नदीशी उतरावे.

दुसरे असे, की केवळ व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागा पाहून परतू नये. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या खोऱ्यात पडले. मोन्तोने येथे २०२३ साली त्यांचे स्मारक झाले, तेथे अवश्य जावे. पण बहुतेकांचे वडील खेचरे हाकणारे, तारा ओढणारे, रसद पोहोचवणारे. त्यांची वाट नकाशात ठळक नसते. ती शोधायची तर आधी पेन्शनच्या कागदावरून पलटण आणि कंपनी काढावी लागते. पलटणींच्या युद्धकालीन रोजनिश्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात. मोटारीपेक्षा हा खटाटोप मोठा, आणि खरा प्रवास मला तोच वाटतो.

कुणी म्हणेल, ते लढले इंग्रजांसाठी, पोटासाठी. त्याचे कौतुक कशाला? बहुतेकांनी पोटासाठीच नाव नोंदवले असेल. म्हणून चिखल का कमी खोल होता? घरी परतल्यावर त्यातले कित्येक गप्प राहिले. स्वतंत्र देशात त्या लढाईविषयी विचारणारेही थोडेच होते. त्या मौनापाशी पोरांनी निदान एकदा जाऊन उभे राहावे.

नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी याच सेनिओच्या पाण्यातून दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाठीवर घेऊन परतले, आणि मग एकटे पुन्हा पलीकडे गेले. नदीचे बांध उंच आणि उभे. आज तेथे जाणाऱ्याने हात मोकळे ठेवून एकदा तो बांध चढून पाहावा.