विश्लेषण : वेग ताशी 4 किलोमीटर, तरीही विश्वविक्रम! काय असते ‘व्हर्टिकल किलोमीटर’ शर्यत?

ताशी 4 किलोमीटर हा आपला रमतगमत चालण्याचा वेग. स्वित्झर्लंडमधील फ्युली येथे 2017 मध्ये याच वेगाने विश्वविक्रम झाला. इटलीच्या फिलिप गोट्शने 1.92 किलोमीटरची शर्यत 28 मिनिटे 53 सेकंदांत पूर्ण केली.

एवढा वेळ का लागला?

कारण या शर्यतीत उंची मोजली जाते. 1000 मीटर चढायचे असतात आणि मार्ग सहसा 5 किलोमीटरपेक्षा लांब नसतो. फ्युलीचा मार्ग जुन्या फ्युनिक्युलर रेल्वेचा, सरासरी 31 अंश चढाचा. गोट्श मिनिटाला सुमारे 35 मीटर, म्हणजे साधारण 11 मजले चढला.

इतका खडा चढ कशासाठी?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये धावपटूंना 9 ते 39 अंश कललेल्या ट्रेडमिलवर चालवून आणि धावायला लावून पाहिले. उंची गाठण्याचा वेग सारखाच ठेवला, तेव्हा 20 ते 35 अंशांच्या चढावर सर्वांत कमी ऊर्जा लागली. फ्युली याच टप्प्यात येते.

धावायचे की चालायचे?

याच प्रयोगात सुमारे 16 अंशांपुढे चालणे धावण्यापेक्षा कमी खर्चिक ठरले. प्रयोगातला वेग विक्रमवीरांपेक्षा कमी होता, हे खरे. तरीही या शर्यतीत कोणी गुडघ्यांवर हात टेकवून किंवा काठ्यांच्या आधाराने चालताना दिसला, तर तो दमला असे समजू नका. बहुधा तो ऊर्जा वाचवत असतो.